गाणी बदला, पण निरोप तरी घेऊ द्या

गेली अकरा वर्षं मी सकाळी एकच रेडिओ स्टेशन लावत आले. सोमवारी लावलं तर एक गाणं चालू होतं. ते संपलं, पुन्हा तेच लागलं. वाटलं, काहीतरी बिघाड झालाय. रात्री झोपतानाही तेच! मंगळवारी उठून बघते तर नवं नाव, नवी जिंगल, एकामागोमाग एक गाजलेली गाणी, आणि मध्ये बोलणारं माणूसच नाही.

फॉरमॅट, म्हणजे स्टेशनवर कोणत्या प्रकारची गाणी-कार्यक्रम लागणार ते, बदलायच्या आधी एकच गाणं घोळवत ठेवायची या धंद्यात जुनी रीत आहे, हे नंतर वाचलं. त्याने लोकांचं लक्ष वेधलं जातं म्हणे. आम्ही तर आधीपासूनच कान देऊन ऐकत होतो.

सकाळच्या निवेदिकेबद्दल सांगते. गाणं संपलं की ती गीतकार, संगीतकार, गायक आणि माहीत असेल तर सारंगी कोणाची, हेही सांगायची. एकदा एका बासरीवादकाचं नाव चुकीचं सांगितलं गेलं, तर दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच तिने ते दुरुस्त केलं. आणि एका सकाळी गाणं संपल्यावर कितीतरी वेळ रेडिओ गप्पच. मग ती हळूच म्हणाली, "यानंतर लगेच बोलवत नाही." रेडिओवर रिकामी गेलेली वेळ ही चूक मानतात. ती चूक तिने जाणूनबुजून केली. मी हातातलं काम सोडून उभी होते.

स्टेशन चालवायला पैसा लागतो, जाहिराती लागतात, हे मला कळतं. मालकाने तोट्यात राहून माझी आवड सांभाळावी, असं माझं म्हणणं नाही. पण गाणी कशी ठरतात ते बघा. बऱ्याच ठिकाणी श्रोत्यांच्या एका गटाला गाण्याचा जेमतेम दहा सेकंदांचा, सर्वांत ओळखीचा तुकडा ऐकवतात आणि गुण द्यायला लावतात. म्हणजे पास कोण होणार? जे आधीच तोंडपाठ आहे ते. न ऐकलेलं गाणं दहा सेकंदांत कोणाला आवडणार? अशा चाचणीत ओळख मोजली जाते आणि तिलाच आवड म्हणतात. मला आवडलेली निम्मी गाणी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मुळीच आवडली नव्हती. निवेदिकेने ती पुन्हा पुन्हा लावली, म्हणून आवडली.

कायद्याकडे बघावं तर तिथेही फारसं हाती लागत नाही. न्यूयॉर्कचं डब्ल्यूएनसीएन हे शास्त्रीय संगीताचं स्टेशन १९७४ साली एकदम रॉकवर गेलं. श्रोत्यांनी संघटना उभी केली, भांडले, आणि पुढच्याच वर्षी शास्त्रीय संगीत परत आणवलं. पण त्याच संघटनेचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा १९८१ साली निकाल लागला तो उलटा. कोणता फॉरमॅट असावा हे बाजारावर सोडायला रेडिओवर देखरेख ठेवणारी सरकारी नियामक संस्था मोकळी आहे, असं न्यायालयाने म्हटलं. १९९३च्या शेवटी ते स्टेशन पुन्हा रॉकवर गेलंच.

याच्या शेजारी बीबीसी ६ म्युझिक या ब्रिटनमधल्या रेडिओ स्टेशनची गोष्ट ठेवून बघा. २०१०च्या मार्चमध्ये ते बंद करण्याचा प्रस्ताव आला. नीट वाचा, प्रस्ताव आला. तो जाहीर झाला, लोकांना मत विचारलं गेलं, पत्रांचा पाऊस पडला, ऐकणारे उलट वाढले, आणि जुलैमध्ये बीबीसी ट्रस्टने, म्हणजे बीबीसीवर तेव्हा देखरेख ठेवणाऱ्या मंडळाने, प्रस्ताव नाकारला. स्टेशन आजही चालू आहे. आधी कळलं, म्हणून लोकांना बोलता आलं. आम्हाला कळलं तेव्हा बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

अशा बदलाच्या वेळी निवेदकाला बहुतेकदा शेवटचा कार्यक्रम करू देत नाहीत, कारण माइकवर तो काही भलतंच बोलेल अशी धास्ती असते. अकरा वर्षं रोज सकाळी जिच्या हाती माइक बिनधास्त सोपवलात, तिच्यावर एका तासाचा विश्वास टाकता येत नाही?

मी स्टेशनला पत्र पाठवलंय. जुनी गाणी परत आणा, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. तिला एक तास द्या, आणि तो कधी असेल ते आठवडाभर आधी सांगा, एवढंच मागितलंय. शुक्रवारी ती एका संगीतकाराबद्दल सांगत होती, वेळ संपली, तेव्हा "उरलेलं सोमवारी" म्हणाली होती. तुम्हीही ऐकत असाल, तर दोन ओळी लिहून पाठवा.