भिंत आधी सुकू द्या

पालघरच्या आमच्या कट्ट्यावर सध्या एकच विषय आहे: शाळेची रस्त्याकडची भिंत. शाळेने चित्र काढायला होकार दिला आणि तेव्हापासून प्रत्येकाच्या डोक्यात आपापलं चित्र तयार आहे. परवा त्यावरून चांगलीच जुंपली. भांडण मोलाचं होतं, म्हणून लिहून ठेवतोय.

सुरुवात अण्णांनी केली. "बेचाळीसचे हुतात्मे. दुसरं काही नाही. १४ ऑगस्ट १९४२ ला याच गावात गोळीबार झाला, पाच जण गेले. त्यांचं स्मारक आहे त्या पाचबत्ती चौकाला आपण रोज वळसा घालतो. शाळेतल्या किती पोरांना पाचांची नावं येतात, विचारा."

"अण्णा, मान्य आहे," कुंदाताई म्हणाल्या. त्या चित्रकला शिकवतात. "पण शाळेच्या भिंतीला पोरांचा हात लागायला हवा. चेहरे त्यांना जमणार नाहीत. वारली करू या. जिल्ह्याची ओळख आहे आणि त्रिकोण, गोल, रेघ पोरांना लगेच येतं."

दिनेश तोवर गप्प होता. तो स्वतः वारली, विक्रमगडकडचा. "लगेच येतं म्हणूनच सगळे करतात, ताई. कचेरीच्या कंपाउंडला वारली, हॉटेलच्या मोरीला वारली. छापा ठेवायचा, रंग मारायचा. आमच्याकडे लग्नाचा चौक, म्हणजे देवीचं चौकोनी चित्र, सवाशिणी लिहितात. घरात, गेरूवर, तांदळाच्या पिठाने. मध्ये पालघट देवी. त्याशिवाय लग्न लागत नाही. तोच चौक मी रस्त्यावर गटाराच्या वर पाहिलाय. काय वाटतं सांगू?"

"सांग," अण्णा म्हणाले.

"देवी उघड्यावर आणून ठेवल्यासारखं वाटतं. तारपा वाजवत नाचणारी माणसं काढा, भातलावणी काढा, मासे धरणारी माणसं काढा, कोणाची ना नाही. चौक नको. आणि काढणारा हात आमच्यातला असू दे. त्याला मजुरी द्या. गावासाठी म्हणून फुकटात नको."

मी पूर्णपणे दिनेशच्या बाजूने आहे. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकात ही कला कागदावर नेली, ती जगभर गेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज डहाणू-जव्हार पट्ट्यात या चित्रांवर घर चालवणारे कलाकार आहेत. ते एवढे जवळ असताना त्यांना न विचारता छापा उचलायचा, हे मला अजिबात पटत नाही.

पेंटरदादा मात्र वैतागले होते. "चित्राचं नंतर बघा. ती भिंत ओली आहे, ते कोणी बघितलं का?"

कोणीच बघितलं नव्हतं. मग त्यांनी आम्हाला रस्ता ओलांडून भिंतीपाशीच नेलं. खालच्या दोन फुटांत सगळीकडे खार फुटलाय. जमिनीतली ओल विटांतून वर चढते, येताना क्षार घेऊन येते, पाणी उडून गेलं की पांढरी भुकटी मागे राहते. त्यावर कितीही भारी रंग लावा, पोपडे धरणारच. वरच्या कडेला ना उतार, ना पुढे आलेली पट्टी. पावसाचं पाणी माथ्यावरच्या भेगांतून सरळ आत. दादांचा क्रम ठरलेला आहे: आधी गटार मोकळं करायचं, मग माथ्याला उताराची पट्टी, सुटलेला गिलावा पाडून नवा, आणि नवा गिलावा निदान महिनाभर तसाच सोडायचा, कारण ताज्या सिमेंटचा चुना रंग खातो. त्यानंतर प्रायमर, मग बाहेरच्या भिंतीचा रंग. "भिंतीचं तोंड पश्चिमेला. दुपारपासून भाजून निघते. भडक गुलाबी, पिवळे आधी उडतील. गेरू आणि पिवळी माती टिकते, ते लोखंडाचे रंग."

"म्हणजे गेरूच," दिनेश म्हणाला.

"पण १४ ऑगस्टला चित्र लागलं पाहिजे," अण्णांनी पुन्हा धरलं.

"ऑगस्टात परांचीवर कोण चढणार, अण्णा?" दादा म्हणाले. "पाऊस उघडून भिंत वाळली की. म्हणजे दिवाळीनंतर."

इथे कुंदाताईंनी फिलाडेल्फियाचं काढलं आणि ते मला फार आवडलं. अमेरिकेतल्या त्या शहरात १९८४ मध्ये भिंती रंगवून खराब करणाऱ्या पोरांना आवरायची मोहीम सुरू झाली. जेन गोल्डन या चित्रकर्तीने त्याच पोरांच्या हाती ब्रश दिले आणि पुढे त्यातून शहरभर हजारो भित्तिचित्रं उभी राहिली. तिथे आराखडा आधी त्या वस्तीतल्या लोकांपुढे मांडतात. आणि बरीचशी चित्रं पातळ, न विणलेल्या कापडाच्या तुकड्यांवर रंगवतात, शाळेत, तुरुंगात, जिथे माणसं असतील तिथे. नंतर ते तुकडे भिंतीवर चिकटवतात. म्हणजे पावसाळाभर पोरं हॉलमध्ये बसून रंगवू शकतात.

"आपल्या पावसात ते कापड धरेल?" दादांनी विचारलं. "या जूनमध्ये दोन फुटांचा तुकडा भिंतीच्या मध्यावर लावून बघू. सप्टेंबरात फुगला नाही तर पुढचं बोला." ही अट मला रास्त वाटते.

एक मुद्दा मी मांडला आणि तो सोडणार नाही. सकाळी त्या भिंतीला टेकून मासळीवाल्या आणि भाजीवाल्या बसतात. चित्र झालं की सुशोभीकरण झालं म्हणून त्यांना उठवायला कोणी येईल, हे मी इतरत्र पाहिलंय. ज्यांची पाठ रोज त्या भिंतीला लागते त्यांना विचारल्याशिवाय आराखड्याची एकही रेघ ओढू नये. खालच्या दोन-अडीच फुटांत चिखल उडणारच आहे. तो पट्टा नुसता गेरूचा ठेवू, चित्र त्याच्या वर. बायका बसतील, चित्रही राहील. अण्णा लगेच हो म्हणाले. दादांनाही पटलं, तो पट्टा दरवर्षी पुन्हा मारायला सोपा.

एक बांधकामवाले खर्च उचलायला तयार आहेत, पण त्यांना अर्ध्या भिंतीवर स्वतःचं नाव हवंय. त्यांना नाही म्हणायचं, हे दोन मिनिटांत ठरलं. वर्गणी काढू.

हुतात्मे की तारपा, हे अजून ठरलेलं नाही. दिनेशचं म्हणणं, बेचाळीसची मिरवणूक वारली हाताने का नाही काढता येणार? बघितलंत तर गर्दीच काढायची आहे आणि गर्दी काढण्यात आमच्या लोकांचा हात कोण धरणार? अण्णांना पाच नावं स्पष्ट वाचता येतील अशी हवीत. कुंदाताईंनी तोडगा सुचवला: नावं आधी कापडावर पोरांकडून लिहून घेऊ आणि १४ ऑगस्टला तो पहिला तुकडा शाळेच्या हॉलमध्ये लावू. अण्णा अर्धे राजी आहेत. रविवारी सकाळी सातला भिंतीची मोजणी आहे, मासळीवाल्या उठायच्या आत या, म्हणजे त्यांच्याशीही बोलता येईल.