‘घरच्या जेवणाच्या कॅलरी मोजता येत नाहीत’ म्हणणाऱ्या ढकलपत्राला उत्तर

वरचेवर फिरणाऱ्या एका ढकलपत्राचा आशय असा: कॅलरी मोजणं पाकिटबंद खाणाऱ्यांसाठी आहे, फोडणीच्या जेवणाला ते लागू पडत नाही, घरचं अन्न पौष्टिकच असतं, एकदा मोजायला लागलं की जन्मभर काटा सुटत नाही, त्यापेक्षा मनगटावरचं घड्याळ सांगेल तेवढं चाला आणि तेवढं खा.

‘प्रत्येक घरची आमटी वेगळी, मग मोजणार कशी?’

वेगळी असते हे खरंच. म्हणून तर कॅलरी मोजण्याच्या ॲपमधली ‘एक वाटी डाळ’ ही तयार नोंद घ्यायची नाही. पातेल्यात जे पडलं तेच वाटीत येतं, कमीजास्त होतं ते पाणी. रिकामं पातेलं एकदा तोलून वजन लिहून ठेवा. डाळ कोरडी असतानाच तोला. तेलाची बाटली काट्यावर ठेवून आकडा शून्य करा, फोडणीपुरतं ओतून बाटली परत ठेवा: जो उणे आकडा दिसेल तेवढे ग्रॅम तेल गेलं. शेवटी भरलेलं पातेलं तोलून रिकाम्याचं वजन वजा करा. (काट्यावर आधी लाकडी पाट ठेवून शून्य करा, मग त्यावर गरम पातेलं ठेवा, नाहीतर काटा बिघडतो.)

उदाहरणार्थ, तूरडाळ 150 ग्रॅम म्हणजे सुमारे 495 कॅलरी, तेल 27 ग्रॅम म्हणजे 243, गूळ 20 ग्रॅम म्हणजे 70. एकूण 808. आमटी 1,350 ग्रॅम झाली, तर 150 ग्रॅमच्या वाटीत 90 कॅलरी, आणि त्यातल्या 27 निव्वळ तेलाच्या. अंदाज चुकतो तो बहुतेक वेळा इथेच. डाळीत 10 ग्रॅम इकडेतिकडे झाले तर 33 कॅलरींचा फरक, तेलात झाले तर 90.

दुसरी नेहमीची चूक भाताची. 100 ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण 355 कॅलरी. त्याचा भात पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास होतो, म्हणजे 100 ग्रॅम भातात सुमारे 130. शिजलेला भात तोलून कच्च्या तांदळाची नोंद निवडली की हिशोब जवळजवळ तिप्पट फुगतो.

पोळीची गोष्ट उलटी. 25 ग्रॅम कणकेच्या कोरड्या फुलक्यात 80 कॅलरी. घडीच्या पोळ्यांसाठी 400 ग्रॅम कणीक आणि मोहन-घडीचं मिळून 27 ग्रॅम तेल घेतलं, 12 पोळ्या झाल्या, तर प्रत्येकीत 127. वरून चमचाभर तूप म्हणजे आणखी 40. दिवसाला सहा पोळ्या खाऊन ‘एक चपाती, 80’ अशी नोंद करणाऱ्याचे, तूप न धरताही, रोज 280 कॅलरी हिशोबाबाहेर राहतात. मग ‘मोजूनही वजन उतरत नाही’ अशी तक्रार येते.

‘घरचं म्हणजे पौष्टिकच.’

वरच्याच आमटीतलं प्रोटीन पाहा: 150 ग्रॅम तूरडाळीत सुमारे 32 ग्रॅम, म्हणजे एका वाटीला जेमतेम साडेतीन. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रोटीन लागतं; 60 किलोला 50 ग्रॅम. सहा पोळ्यांचे 21, दोन वाट्या आमटीचे 7, 50 ग्रॅम तांदळाचे 4. झाले 32. उरलेल्या 18 साठी शेंगदाण्याचं कूट घातलं तर 30 ग्रॅमला सुमारे 7 ग्रॅम प्रोटीन मिळतं खरं, पण दीडशेच्या वर कॅलरीही येतात. त्यापेक्षा आमटीतलं पाणी कमी करून डाळ वाढवणं कॅलरींच्या हिशोबात स्वस्त पडतं. अंडं चालत असेल तर एकाचे 6 ग्रॅम.

लोह-कॅल्शियमच्या बाबतीत मात्र ॲपवर फार विसंबू नका. लोकांनी भरलेल्या नोंदींत तो रकाना कोरा असतो आणि ॲप तो शून्य धरतं. आकडे याच संस्थेच्या 2017 च्या भारतीय अन्नघटक तक्त्यांतून घ्या. तिथे ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलेली आहे, 4.184 ने भागली की कॅलरी मिळतात.

‘जन्मभर मोजत बसावं लागतं.’

नाही. घरोघरी तेच पंधरा-वीस पदार्थ फिरत असतात. तीन आठवड्यांत त्यांची वही तयार होते. पुढे तेल आणि कूट तेवढं मोजलं तरी भागतं. खाण्याच्या विकाराचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय मोजण्याच्या फंदात पडू नये. तिथे ढकलपत्राची काळजी रास्त आहे.

‘घड्याळ सांगेल तेवढं खा.’

सगळ्यात महागात पडणारा सल्ला हाच. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सात मनगटी उपकरणं तपासली गेली, त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये आले: हृदयाचे ठोके बहुतेकांनी बरे मोजले, पण खर्च झालेल्या कॅलरींत सर्वांत अचूक उपकरणही सरासरी 27 टक्के चुकलं. तेव्हा ॲपमधला ‘व्यायामाच्या कॅलरी परत मिळवा’ हा, खर्च झालेल्या कॅलरी खाण्याच्या आकड्यात वाढवून देणारा पर्याय बंद करा. रोज सकाळी पोट साफ झाल्यावर वजन घ्या आणि आठवड्याच्या सरासऱ्या एकमेकींशी ताडून पाहा. तीन आठवडे सरासरी हलली नाही, तर रोजच्या ठरवलेल्या आकड्यातून 150 ते 200 कॅलरी कमी करा. बायकांनी पाळीच्या आधी चढणारं पाण्याचं वजन यात धरू नये. मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी तुलना करावी.