अंड्यावरचा लाल सिंह आणि आपल्या ग्रुपवरचा फॉरवर्ड

परवापासून चार ग्रुपवर तोच मेसेज फिरतोय. थोडक्यात सांगायचं तर असा: 1988 ला ब्रिटनच्या एका मंत्रीणबाईंनी देशातली सगळी अंडी विषारी असल्याचं सत्य सांगितलं म्हणून त्यांना हाकललं, मग सरकारने 40 लाख कोंबड्या मारून आणि उरलेल्यांना अँटिबायोटिक चारून साल्मोनेला (जुलाब-ताप आणणारा जंतू) संपवला, आणि आता तिथल्या सरकारनेच कच्चं अंडं सेफ म्हणून जाहीर केलंय, तेव्हा धुऊन घ्या आणि बिनधास्त प्या. खाली दोन हात जोडलेले. माझा भाचा जिमला जातो, त्याने हे वाचून शेकरमध्ये तीन कच्ची अंडी फोडायला सुरुवात केलीय, म्हणून हे टाइप करत बसलोय.

आधी मंत्रीणबाई. एडविना करी, आरोग्य खात्याच्या ज्युनियर मंत्री. 3 डिसेंबर 1988 ला टीव्हीवर त्या म्हणाल्या की देशातलं बहुतेक अंडी उत्पादन साल्मोनेलाने बाधित आहे. अंड्यांचा खप धाडकन पडला, पोल्ट्रीवाले खवळले, 16 डिसेंबरला बाईंचा राजीनामा. इथपर्यंत मेसेज बरोबर. पण त्या "सगळी" म्हणाल्या नव्हत्या, "विषारी" तर नाहीच, आणि जे म्हणाल्या तेही जास्तच झालं, कारण बाधित कोंबडीची सुद्धा बहुतेक अंडी स्वच्छच निघतात. आणि त्या काही गुपित फोडत होत्या असंही नाही हो, त्यांच्याच खात्याने ऑगस्टमध्येच लोकांना कच्ची अंडी टाळा म्हणून सांगून झालं होतं, लक्ष कुणी दिलं नव्हतं एवढंच. म्हणजे आजार खरा होता, वाक्य ढिलं होतं. आपल्याकडे यातलं एकच लक्षात ठेवायची सवय.

आता 40 लाख कोंबड्या. हा आकडा खरंच त्या डिसेंबरातला आहे, पण तो रोगाचा नाही, बाजाराचा! अंडी कोणी घेईना, शेडमध्ये ढीग लागला, म्हणून सरकारने जादा अंडी विकत घ्यायची आणि नको झालेल्या कोंबड्या कमी करायला पैसे द्यायचे अशी योजना आणली, त्यात 40 लाखांपर्यंत कोंबड्यांची गोष्ट होती. आपल्याकडे कांद्याचा भाव पडल्यावर जे चालतं त्यातलाच प्रकार. बाधित बॅचच्या कोंबड्या सक्तीने मारायचा कायदा वेगळा, तो 1989 ला आला आणि अंड्याच्या कोंबड्यांसाठी 1993 ला बंदही झाला. का, तर मारून रोग काही हटेना, माणसांमधल्या केसेस पुढची चार वर्षं चढ्याच राहिल्या. आणि ते स्वाभाविकच आहे म्हणा. शेड रिकामं केलं तरी उंदीर तिथेच, लेंडी तिथेच, वर नवीन पिल्लं कुठून आणली तोही प्रश्न असतोच.

मग आटोक्यात आलं कशाने? लसीने. आधी ब्रीडर कोंबड्यांना, म्हणजे ज्यांच्यापासून पुढची पिल्लं काढतात त्यांना लस, मग 1998 ला अंडीवाल्यांनी स्वतःच लायन कोड सुरू केला, त्यात प्रत्येक अंड्याच्या कोंबडीला साल्मोनेलाची लस, उंदरांचा बंदोबस्त, टेस्टिंग, आणि अंड्यावर लाल सिंहाचा शिक्का. 1997 नंतर दोन-तीन वर्षांत अंड्यातून पसरणाऱ्या एन्टेरिटायडिस जातीच्या साल्मोनेलाच्या केसेस निम्म्याहून खाली आल्या. टेस्टिंग कसं करतात ते मला फार आवडलं: मोकळ्या शेडमध्ये बुटावर कापडी मोजे चढवून माणूस कोंबड्यांमधून शेडभर फिरतो आणि ते घाण झालेले मोजे लॅबला जातात. सुमारे 24 आठवड्यांच्या वयापासून दर 15 आठवड्यांनी. 2009 पासून युरोपचा नियम असा की बॅच बाधित निघाली तर अंडी सरळ टेबलावर जात नाहीत, उष्णता देऊन प्रक्रिया करायलाच जातात. सरकार काय करू शकतं ते यात दिसतं, चाकू घेऊन मागे लागण्यापेक्षा हे कंटाळवाणं काम.

अँटिबायोटिकचं तर उलटंच आहे. साल्मोनेला दाबायला पोल्ट्रीत अँटिबायोटिक वापरायला युरोपने 2006 च्या नियमात बंदीच घातली. लस आणि अँटिबायोटिक यात गल्लत करणारे लोक डोस द्यायला आले की मला धडकी भरते.

आणि मुख्य मुद्दा, "धुऊन प्या". हा साल्मोनेला एन्टेरिटायडिस कोंबडीच्या अंडाशयात जाऊन बसतो, म्हणजे कवच तयार व्हायच्या आधीच जंतू बलकाशेजारी पोचलेला असतो. नळाखाली काय धुणार तुम्ही? कोंबडी दिसायलाही ठणठणीत असते, चोच मारत फिरतेय, अंडी देतेय. उलट ओलं कवच गार पाण्यात ठेवलं तर बाहेरची घाण छिद्रातून आत ओढली जाऊ शकते, म्हणून ब्रिटनमध्ये दुकानातली पहिल्या प्रतीची अंडी धुवायचीच नाहीत असा नियम आहे. अमेरिकेत धुतात, पण तिथे कारखान्यात ठरलेल्या तापमानाला धुतात आणि पुढे घरापर्यंत फ्रिजमध्येच. तिथेही 2010 ला आयोवातली 50 कोटींहून जास्त अंडी परत बोलावावी लागली होती, लक्षात असू द्या.

ऑक्टोबर 2017 ला ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने सल्ला बदलला हे खरंय, गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं कच्चं किंवा अर्धं कच्चं अंडं खाऊ शकतात म्हणाले. पण कुठलं? सिंहवालं! त्या वेळच्या सल्ल्यात बाहेरून आलेल्या अंड्याला ही सूट नव्हती, कारण 2002 ते 2004 मध्ये तिथे जे उद्रेक झाले त्यातले बरेच स्पेनहून आलेल्या अंड्यांनी झाले होते. ब्रिटनमधल्या लेस्टरच्या मावसबहिणीने तिच्या ट्रेचा फोटो पाठवला, प्रत्येक अंड्यावर लाल सिंह, तारीख, आणि 1यूके असं काहीतरी आणि पुढे फार्मचा नंबर. आता उठा आणि कोपऱ्यावरच्या दुकानातला आपला तीसचा ट्रे बघा. कोरी अंडी, एखाद्याला पिसं चिकटलेली, एखाद्याला विष्ठा. त्या कोऱ्या कवचाला ब्रिटनची हमी कशी लागू होईल, सांगा.

भाच्याला सांगितलं, उकडून खा, पिवळा घट्ट होईपर्यंत. म्हणतो मामा, प्रोटीन मरतं. मरत नाही रे, उलट शिजलेलं जास्त पचतं. शेवटी म्हणतो, चव नाही येत. मीठ-मिरपूड घाल म्हटलं, तुझ्या आईच्या डब्यात असते.