रनिंग बोर्डचा गंज: एस्टीमवाल्या भाऊंना उत्तर

भाऊ, रनिंग बोर्ड म्हणजे दारांखालची लांब पट्टी, तिच्या गंजावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली, दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की मी लोकांना उगाच घाबरवतो, तुमच्या ९८ च्या एस्टीमचा रनिंग बोर्ड डेंटरने फायबर आणि पुट्टी मारून तीन हजारात करून दिला, चार वर्षं झाली काही झालं नाही, पुढच्या वेळी फार तर ३ एमएमची प्लेट मारून घेऊ, आणि नाशिकच्या कोरड्या हवेत गंजाचा एवढा बाऊ कशाला.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. दाराची खालची कड, डिकीचं झाकण, पुढचं मडगार्ड, इथे गंज आला तर खुशाल पुट्टी मारा, नाहीतर वर स्टिकर चिकटवा. हे भाग बोल्टवर बसवलेले असतात, बदलता येतात, गाडीचा भार त्यांच्यावर नसतो. लेखात मी हे वेगळं करून लिहायला हवं होतं, चूक माझी.

पण रनिंग बोर्ड तसला पत्रा नाही हो. आपल्या नाशकात बनते ती बोलेरो, तिला खाली वेगळी चासी, म्हणजे भार पेलणारा सांगाडा असतो. एस्टीम, झेन, ८०० यांना ती नाहीच, बॉडी हीच चासी, म्हणून भार रनिंग बोर्डवरही येतो. आणि रनिंग बोर्ड म्हणजे पत्र्यांना पत्रे स्पॉट वेल्डिंगने जोडून केलेली पोकळ पेटी, त्यात पाणी जातं, निघायला खाली भोकं दिलेली असतात, ती चिखलाने बुजतात किंवा आपणच हौसेने काळं कोटिंग मारून बुजवतो, मग पेटी आतून सडत येते आणि बाहेर रंगाला फुगा दिसतो तोवर आतला पत्रा पापडासारखा झालेला असतो. तुमची पुट्टी बाहेरून आहे. आत काय चाललंय ते चार वर्षांत कोणी बघितलंय का?

मीही हेच केलं होतं, म्हणून बोलतोय. माझी ९७ ची झेन, अशीच पुट्टी मारलेली, वरून एकदम चकाचक. मुंबई नाक्याजवळ पंक्चर झालं, पोराने जॅक लावला, दोन-तीन वेळा फिरवला आणि गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच कर्र करत आत गेला. पोरगा म्हणाला, साहेब तुमची गाडी मऊ आहे. हसलो तेव्हा, पण घरी येईपर्यंत घाम फुटलेला.

मग रीतसर काम केलं. बॅटरीची वायर काढायची, आतलं कार्पेट आणि सीट काढायची, चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं (इथे डेंटर कंजुषी करतात, सडक्या पत्र्याला टाका धरतच नाही), नवीन तुकडा सीओटू वेल्डिंगने (विजेवरचं, तारेचं) बसवायचा, सांध्यांना सीलर आणि शेवटी पेटीच्या आत वॅक्स. कापायच्या आधी दाराच्या चौकटीला आधार द्यायचा, नाहीतर बॉडी बसते आणि नंतर दारं लागत नाहीत. गॅसच्या ज्योतीचं वेल्डिंग नको, पत्रा लांबपर्यंत तापतो, वाकतो, आजूबाजूचा रंग जळतो आणि तिथूनच परत गंज.

३ एमएमच्या प्लेटचं म्हणाल तर मूळ पत्रा एक एमएमच्या आसपासचा. जाड प्लेट वाकत नाही, सगळा ताण तिच्या कडेच्या पातळ पत्र्यावर येतो आणि तो टाक्याच्या शेजारीच फाटतो. जेवढा मूळ होता तेवढाच घालायचा.

राहिली नाशिकची हवा. सिन्नर-येवल्याकडे ठीक आहे, पण त्र्यंबक-इगतपुरीला पाऊस बघितलाय ना? शिवाय एमएच-१५ नंबर नसेल आणि गाडी आधी मुंबईत किंवा कोकणात राहिलेली असेल तर खारी हवा ती आधीच खाऊन आलीय. आरसी बघा.

आता एक करा. दार उघडून कार्पेट उचला, ड्रायव्हरच्या पायाखाली, आणि जोडाच्या कडेला पेचकसाच्या मुठीने ठोका, मग टोकाने दाबून बघा. टणटण वाजलं तर मी खोटा, इथेच येऊन लिहा. थप वाजलं किंवा पेचकसाचं टोक आत गेलं तर तूर्तास कसारा घाट नको. आणि कार्पेट ओलं निघालं तर पुढच्या काचेखालच्या जाळीतली पानं काढा, पाणी बहुतेक तिथूनच येतंय.