ओटीपी सांग की लवकर!

दादा टोरांटोला गेला, त्याचं सिम मात्र सोलापुरात, माझ्या उशाशी. तिकडं संध्याकाळी साहेब निवांत बँकेचं ॲप उघडतात, तेव्हा इथं पहाटेचे चार. "ओटीपी सांग की लवकर!" चष्मा सापडेपर्यंत तो संपलेला. मग पुन्हा पाठव. चार दिवसांनी नळाला पाणी येतं, तेव्हाही टाकी सोडून मी आकडे वाचतोय! 'ओटीपी कुणालाही सांगू नका' असं त्याच मेसेजमध्ये लिहिलेलं असतं, ते वेगळंच. रिचार्जही मीच मारायचा. महिन्याचा म्हणत २८ दिवसांचा पॅक, म्हणजे वर्षाला १३. अरे दादा, सिम घेऊन जा की! रोमिंग चालू केलं की येणारा एसएमएस तिथंही फुकटच पडतो. पण नाही. "तुझ्याकडंच असू दे, सेफ राहतं." सेफ म्हणे!