पडवी आहे की गॅरेज, एकदाचं ठरवा

रविवारी दोन तास घासून पडवी लख्ख केली आणि संध्याकाळी बघतो तर परत तेच, काळ्या पावलांचे ठसे थेट माजघरापर्यंत. वैताग आलाय नुसता!! जुन्या मारुती ८०० चं इंजिन उघडलंय, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, एवढुसं तर आहे, पण एकदा उघडलं की अख्खी पडवी पुरत नाही.

त्यात आमच्या पडवीची जमीन जांभ्या दगडाची. लादी असती तर पुसून मोकळा झालो असतो, पण हा चिरा मेला स्पंजासारखा तेल पितो. खाली कितीही मोठं घमेलं ठेवा, ऑइल फिल्टर सैल केला की धार नेमकी बाहेर. मग टाका लाकडाचा भुसा, रात्रभर ठेवा, सकाळी झाडायला जा तर कोंबड्यांनी तो आधीच अंगणभर उसकटलेला.

बरं दार उघडं ठेवावं तर समुद्राची खारी हवा, सिलिंडरला आतून एका रात्रीत तांबूस गंज, बंद ठेवावं तर पेट्रोलचा वास डोक्यात जातो. म्हणून ऑइल चोपडायचं, की त्यावर धूळ हजर.

आणि मे महिन्यात आईला कोकमाची सोलं वाळवायला हीच जागा हवी. "तुझ्या गाडीपायी यंदा सोलकढीला ग्रीसचा वास येणार बघ." मी काय बोलणार, १० नंबरचा पाना तीन दिवस शोधत होतो, तो तिच्याच सुपात सापडला, सोलांच्या खाली.