फुग्यातला रिसीव्हर

रिमोटवर चालणाऱ्या बोटी, ड्रोन अशा मॉडेलमधला रिसीव्हर, म्हणजे रिमोटचे संदेश पकडणारा भाग, पाण्यापासून वाचवण्यासाठी फुग्यात घालून फुग्याचे तोंड रबराने आवळावे, असे एका लेखात सुचवले आहे. हा उपाय तात्पुरता चालतो. परंतु तारा जिथून बाहेर येतात तिथूनच पाणी झिरपते आणि आत शिरलेली ओल बाहेर पडायला वाट उरत नाही. माझ्या बोटीतला रिसीव्हर असाच गेला: वरून कोरडा ठणठणीत, आत पिनांवर हिरवा गंज. त्यापेक्षा सर्किट बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळवून, त्यावर सिलिकॉन कन्फॉर्मल कोटिंगचे (बोर्डाला चिकटून बसणाऱ्या संरक्षक लेपाचे) २ पातळ हात द्यावेत. मात्र कनेक्टर, बटणे आणि ड्रोन असल्यास हवेच्या दाबावरून उंची मोजणाऱ्या बॅरोमीटरचे छिद्र आधी झाकावे, नाहीतर उंचीचे मोजमाप बिघडते. बऱ्याच कोटिंगमध्ये अतिनील प्रकाशात चमकणारा घटक असतो, त्यामुळे सुटलेली जागा अंधारात चटकन दिसते. कनेक्टरला डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहू देणारे, पाणी रोखणारे ग्रीस) पुरते. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या स्पीड कंट्रोलरचा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) मात्र कशाखालीही गाडू नये. पाण्यापासून वाचलेला कंट्रोलर उष्णतेने जळाल्याचे मी पाहिले आहे. ब्रशलेस मोटर (आत घासणारे ब्रश नसलेली) भिजली तरी सहसा चालते, पण तिचे बेअरिंग गंजतात, म्हणून खाऱ्या पाण्यातून बाहेर काढल्यावर ती लगेच गोड्या पाण्याने धुवून, वाळवून बेअरिंगमध्ये तेलाचा थेंब सोडावा.